नऊ दिवस दुकानात आणि दहा मिनिटं खोडरबर

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे पत्रिकांची रांग लागते. नाशिकला इंदिरानगरमध्ये घरीच डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर पत्रिका मांडून देते. डेस्कटॉप २०१३ सालचा: थर्ड जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क इतकी संथ, की बटण दाबून चहा टाकावा, तो पिऊन यावं, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसायचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून घरात एकच चर्चा, आता नवीन घेऊन टाक. मी म्हणत होते, सीझन जाऊ दे.

सीझनने ऐकलं नाही. एका सकाळी पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी.

ॲक्टिव्हावर पायांच्या मध्ये कॅबिनेट ठेवून मुंबई नाक्याच्या गर्दीतून गावातल्या एका दुकानात गेले. चेकिंगचे ३०० रुपये आधी. पावतीवर फक्त ‘सीपीयू १ नग’. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "उद्या संध्याकाळी फोन करतो, मॅडम."

फोन आला नाही. मी केला, तर इंजिनिअर साइटवर. तिसऱ्या दिवशीही साइटवर. चौथ्या दिवशी स्वतः गेले, तर माझं कॅबिनेट नेलं तिथेच, स्टुलाखाली, वर कुणाची तरी हेल्मेट. कोणी उघडलंसुद्धा नव्हतं. पाचव्या दिवशी दुकान बंद. सहाव्या दिवशी सांगितलं, "बोर्ड गेलाय. हा आता मिळत नाही. नवीन असेंबल करून घ्या, अडतीस हजारांत बसवून देतो." काय तपासलं, विचारलं. "मॅडम, टेक्निकल आहे. घरी सर असतील तर त्यांना पाठवा, समजावतो."

बारा वर्षं या मशीनवर मी पोट भरतेय, आणि समजावणार सरांना! सरांना प्रिंटरमध्ये कागद कुठून घालतात ते माहीत नाही.

तरी खरं सांगते, मी हो म्हणणारच होते. दोन पार्ट्या खोळंबल्या होत्या, एकीचा मुहूर्त अठरा दिवसांवर. अडवलं ते जुन्या फाइलींनी. माझं सगळं काम जुन्या श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, मशीनला डोंगल म्हणजे परवान्याची किल्ली लावली तरच चालतं) आणि पानं मांडायच्या पेजमेकरमध्ये. त्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या, नाहीत. फॉन्ट नसला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसती चिन्हं उमटतात. नव्या मशीनवर, विंडोज ११ वर, हे चालेल का, असं विचारलं तर उत्तर "चालायला पाहिजे." चालायला पाहिजे म्हणजे काय? अडतीस हजार घालून मी बघत बसू?

नवव्या दिवशी कॅबिनेट परत आणलं. सोडवताना आणखी दोन तास बसवलं, कारण एक स्क्रू सापडत नव्हता! (दुकानात द्यायच्या आधी झाकण उघडून आतला फोटो काढा. माझ्याकडे रॅमची एक पट्टी होती की दोन, मला आजही छातीठोक सांगता येत नाही.)

धाकटा दीर अंबडला कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तो म्हणाला, "वहिनी, पंखा फिरतोय ना, मग लगेच रडू नका. रॅम काढून पुसली का कोणी?" वीज बंद केली, वायर काढली, रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर मुलाचं खोडरबर फिरवलं, कचरा झटकला, दोन्ही बाजूंनी खटका बसेपर्यंत दाबली. सुरू झालं! घड्याळ मात्र भलतंच साल दाखवत होतं, म्हणून बोर्डावरची सीआर २०३२ ची बटणबॅटरी बदलली. ती रिमोटच्या सेलबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते.

पहिलं काम केलं ते सगळ्या फाइलींचा बॅकअप. खरं तर हे दुकानात जायच्या आधी हवं होतं.

मग शांतपणे हिशेब मांडला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे माझं मशीन बाद. प्रोसेसर बदलायचा तर या सॉकेटमध्ये फार तर तिसऱ्या जनरेशनचाच सेकंडहँड बसेल. त्यात पैसे घालण्यात अर्थ नव्हता. उरली रॅम आणि डिस्क. ८ जीबी डीडीआर-३ रॅम आणि ५०० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे केबलने जोडायची वेगवान डिस्क, दोन्ही मिळून तेव्हा चार हजारांच्या आत बसलं. डीडीआर-४ ची पट्टी घेऊ नका, खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही. थेट बोर्डात बसणाऱ्या एम-डॉट-टू एसएसडीच्या नादालाही लागू नका, या बोर्डावर तिला जागा नाही. एच-६१ चे साटा पोर्ट जुने, ३ गिगाबिटचे, त्यामुळे एसएसडी पूर्ण वेगाने पळत नाही. पण आता चहा टाकायला उठेपर्यंत डेस्कटॉप समोर असतो. जुन्या डिस्कवरून क्लोन केलं, म्हणजे हुबेहूब नक्कल उतरवली, त्यामुळे श्रीलिपी, डोंगल, फॉन्ट सगळं जसंच्या तसं.

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने वर्षभराचे जादा सिक्युरिटी अपडेट ठेवले आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यांच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, पैसे पडले नाहीत. बँकेची कामं तरीही मोबाइलवरच करते.

घरचे विचारतात, ऑक्टोबरनंतर काय? तेव्हा लॅनची, म्हणजे इंटरनेटची, केबल काढून ठेवणार. पत्रिका पेनड्राइव्हवरून प्रेसला जातील, पूर्वी जायच्या तशा. त्या अठरा दिवसांवाल्यांची पत्रिका मुहूर्ताच्या सहा दिवस आधी छापून मिळाली. नवरीच्या आजोबांच्या नावात वेलांटी चुकली होती, ती माझी चूक, मशीनची नाही.