ईसीयूसाठी सेलवर टिकणारी रॅम: बोर्ड तयार, दोन दोष सापडले

मागच्या नोंदीत आराखडा टाकला होता. आता बोर्ड हातात आहे. दोनदा बिघडला आणि दोन्ही वेळा मूळ कारण सापडलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: ईसीयू म्हणजे गाडीचं इंजिन चालवणारा छोटा संगणक. नागपूरच्या भंगारातून आणलेल्या होंडा सिविकच्या पी२८ ईसीयूवर मी ७४एचसी३७३ लॅच (पत्ता धरून ठेवणारी चिप) आणि २८ पायांचं सॉकेट बसवलं आहे. त्यात २७सी२५६ ईप्रॉम बसते, म्हणजे वीज गेली तरी न विसरणारी मेमरी चिप. ३२ केबी, इंधनाचे आणि इग्निशनचे तक्ते त्यातच. एक आकडा बदलायचा म्हटलं तरी अख्खी चिप अतिनील प्रकाशात पुसावी लागते. तसा यूव्ही दिवा माझ्याकडे नाही, म्हणून वर्षभर चिपा स्लॅबवर उन्हात ठेवून पुसल्या. आमच्या आर्वीकडचं ऊन कितीही कडक असलं तरी एका चिपेला आठवडा जातो. म्हणून तिच्या जागी ६२२५६ स्टॅटिक रॅम, जिच्यात हवं तेव्हा लिहिता येतं. वीज गेली की ती विसरते, म्हणून सोबत सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल.

पाय बहुतेक जुळतात. सॉकेटच्या २७ नंबरवर ए१४ ही पत्त्याची ओळ येते. रॅमला ती १ नंबरवर लागते आणि रॅमचा २७ म्हणजे राइट; तो शून्य व्होल्टकडे खाली गेला की रॅममध्ये लिहिलं जातं. ते दोन पाय बाहेर वाकवून बारीक तारेने जोडले. लिहायला बोर्ड काढून आर्डुइनोच्या जिगवर लावतो.

आता पहिला दोष. रात्री तक्ते भरून ईसीयू टेबलावर चालू ठेवला, पहाटे लाईन गेली. परत वाचलं तर ३२,७६८ पैकी ११ बाइट बदललेले. मग हाताने वीसदा सप्लाय तोडून पाहिला. दरवेळी नव्याच जागा बिघडायच्या. राइटचा १० के पुल-अप (पायाचं व्होल्टेज वर धरून ठेवणारा रेझिस्टर) मी ईसीयूच्या ५ व्होल्टला जोडला होता. ते ५ व्होल्ट खाली येतात तेव्हा राइटही खाली येतो, रॅम मात्र सेलवर जागीच असते. तिच्या दृष्टीने तो लिहायचा हुकूम! तेवढ्या क्षणात प्रोसेसरच्या भरकटलेल्या पत्त्यावर जे असेल ते लिहिलं जातं. पुल-अप रॅमच्याच २८ व्या पायावर नेला. पन्नासदा सप्लाय तोडला, एक बाइट हलला नाही. त्या संध्याकाळी फार समाधान वाटलं.

मग दुसरा दोष. दोन दिवसांनी सेल १.९ व्होल्टवर. माझ्या जोडणीत चिप सिलेक्ट (खाली असला की रॅम कामाला लावणारा पाय) कायम ग्राउंडला होता, म्हणजे सप्लाय नसतानाही रॅम निवडलेलीच आणि मिलिअँपिअरमध्ये करंट खात बसलेली. सप्लायवर लक्ष ठेवणारी डीएस१२१० चिप टाकली. व्होल्टेज साधारण ४.५ च्या आसपास उतरलं की ती चिप सिलेक्ट वर ओढून धरते आणि रॅमला सेलवर घेते. ती आधीच असती तर पहिला दोष दिसलाच नसता, तरी बदललेला पुल-अप तसाच ठेवणार आहे.

यानंतरचं मोजमाप मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सेलच्या मार्गात १० के रेझिस्टर घातला आणि त्यावर मीटर लावलं. १० मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. पहाटे २६ अंशांना ६ मिलिव्होल्ट. त्याच दिवशी दुपारी टिनाच्या शेडमध्ये, कूलर बंद, ४६ अंशांना २५. वीस अंशांत चौपट! २२० एमएएचच्या सेलला २.५ मायक्रोअँपिअर म्हणजे हिशेबाने दहा वर्षं. पण उन्हात उभ्या बंद गाडीत ६५ अंश धरले तर १० मायक्रोअँपिअर, म्हणजे अडीच वर्षं, तेही सेलची स्वतःची झीज न धरता. डेटाशीटवरचा २५ अंशांचा आकडा बघून सेल निवडू नका. इकडे तर नाहीच. तक्ते पक्के झाले की मीही शेवटी ईप्रॉमच लिहून (बर्न करून) बसवणार. ही रॅम ट्यूनिंगपुरती.

नवतपा लागला की बोर्ड काकांच्या व्हॅनमध्ये डॅशबोर्डखाली, काचा बंद करून, नऊ दिवस ठेवणार आहे. रोज संध्याकाळी चेकसम (सगळ्या बाइटची बेरीज, काही बदललं तर ती चुकते) आणि सेलचं व्होल्टेज वहीत उतरवीन.