चढावरची बैलगाडी

जानेवारीतली गोष्ट. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी चौकात ड्युटी. पुलावरून येणारा रस्ता चौकाला लागेपर्यंत चढत जातो. पाच महिने त्या पॉईंटला उभी होते, पण तो चढ मला कधी चढ वाटला नव्हता. मी काय, स्कूटरवरून यायचे.

संध्याकाळी लाईट गेली, सिग्नल बंद. मग शिट्टी आणि हात. (तसंही दिवा हिरवा असला आणि पोलिसानं हात केला, तर हाताचं ऐकायचं असतं. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात.) पुलाकडून ऊस भरलेल्या टायरगाड्यांची रांग वर येत होती. तेवढ्यात बाजारपेठेच्या बाजूनं ॲम्ब्युलन्सचा सायरन. मी बाकीच्या तिन्ही बाजू अडवल्या आणि पुढच्या गाडीवानाला पंजा दाखवला. तो थांबेना. पुन्हा शिट्टी, पुन्हा पंजा. बैल आपले पुढेच. टाळकं फिरलं. सरळ जाऊन बैलांच्या पुढ्यात उभी राहिले.

बैल थांबले. गाडी थांबली नाही, ती मागे सरकायला लागली. उसावर बसलेल्या बाईनं धाडकन खाली उडी मारली, रस्त्याकडेचा एक दगड दोन्ही हातांनी उचलला आणि चाकामागं सारला. चाक त्यावर चढलं, डुगडुगलं, मग अडकलं. डाव्या बैलाचे गुडघे डांबरावर टेकले होते. मागच्या गाडीचे बैल आणि हा ऊस यांत हातभर अंतर. ॲम्ब्युलन्स आमच्या अंगावरून गेल्यासारखी गेली.

"मॅडम, आम्ही पट्ट्याच्या चार बोटं पुढं आलो की पावती," बाजूचा एक बाइकवाला ओरडला, "आणि ह्याला काय? ह्याला ना लायसन, ना नंबर!"

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. लायसन, पासिंग, नंबर प्लेट ही सगळी मोटारीची भानगड, बैलाला त्यातलं काही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 मध्ये कलम 68 आहे. पोलीस आपलं कर्तव्य करताना ज्या वाजवी सूचना देईल, त्या सर्वांनी पाळायच्या. सर्वांनी म्हणजे सायकलवाल्यानं, हातगाडीवाल्यानं, पायी चालणाऱ्यानं, मेंढरं घेऊन निघालेल्या धनगरानंसुद्धा. त्याला एवढंच म्हटलं, "त्यालाही थांबावंच लागतं. तुझं हेल्मेट कुठाय?" आणि कलम तोंडावर घेऊनच गाडीवानाकडे वळले.

तो बैलाचा गुडघा चोळत होता. बोलण्यावरून बीडकडचा वाटला. मान वर न करता म्हणाला, "थांबायला ना नाही, मॅडम. खाली पुलापाशी हात करा, म्हणाल तेवढा वेळ उभा राहतो. भरली गाडी चढाला कशी धरावी जनावरानं?"

कलम 68 मी कितीतरी जणांना सुनावलंय, आणि दरवेळी जोर दिलाय तो 'सर्वांनी'वर. त्यातला 'वाजवी' हा शब्द हात करणाऱ्यासाठी आहे, हे तो सोललेला गुडघा बघताना ध्यानात आलं. पावती-बिवती काही नाही. गाडी पुन्हा हलवायला सात-आठ माणसं लागली. त्यात तो बाइकवाला होता, आणि टोपी काखेत मारून मीही.

दुसऱ्या दिवशी एका होमगार्डला शिट्टी देऊन खाली पुलापाशी उभं केलं. चौकात अडवायचं झालं की मी फोन करणार, त्यानं बैलगाड्या सपाटीलाच धरायच्या, आणि त्यांच्यामागं येईल ते वाहनही. पहिल्या अर्ध्या तासात त्यानं धरलेल्यांत आमच्याच खात्याची जीप निघाली. सायरन नाही, कॉल नाही, साहेबांचा डबा आणायला चाललेली. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 210 ब कलम आलंय, कायदा राबवणाराच चुकला तर दंड दुप्पट. ड्रायव्हरला ते माहीत असावं, कारण तो निसटला नाही. त्यानं मला फोन लावला.

"मॅडम, मी पण थांबू?"

"पुढं बैल थांबलेत का?"

"थांबलेत की."

"मग त्यांच्या मागं उभे राहा."