तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबड्यांसाठी परसात काय पेरावं?

मुंबईत गोराई-मढकडे किंवा एखाद्या गावठाणात घरामागे चार-पाच कोंबड्या पाळणारे हमखास विचारतात, ‘यांना रोज चरायला हिरवं मिळावं म्हणून काय पेरू? जे लावतो ते दोन दिवसांत उकरून टाकतात.’

काय पेरायचं ते नंतर बघू. कोंबडीने पानं खाल्ली म्हणून रोप सहसा मरत नाही. ती पायाने माती उकरते, मुळं उघडी पडतात, म्हणून मरतं. तेव्हा आधी मुळं सांभाळा.

चार फूट बाय दोन फुटांची, सहा इंच उंच लाकडी चौकट करा. वर अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जस्ताचा मुलामा दिलेली जाळी ठोका. प्लास्टिकची जाळी नको, तिच्यात नखं अडकतात. मधोमध एक आडवी पट्टी हवीच, नाहीतर कोंबड्या वर चढल्या की जाळी लोंबते आणि रोपं दबतात. तारेची टोकं आत वळवा. तळव्याला जखम झाली तर पाय सुजून पिकतो. आतली माती आजूबाजूपेक्षा चार बोटं उंच ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही.

एका चौकटीला बाजरी 40 ग्रॅम आणि चिमूटभर लाल माठ पुरे. माठाचं बी फार बारीक, ते वाळूत मिसळून पसरा. बाजरी घ्यायची ती वाण्याकडची. बियाण्याच्या दुकानातल्या रंगीत दाण्यांना औषध चोळलेलं असतं. ज्वारी मात्र टाळा, तिच्या कोवळ्या पानांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. पाती जाळीबाहेर आली की कोंबड्या वरचा शेंडा खुडतात आणि बाजरी खालून पुन्हा फुटते. चौकटी दोन करा: एकीवर चरू द्या, दुसरी फळीने झाकून नाही तर कुंपण घालून विश्रांतीला ठेवा.

मुंबईच्या पावसाचं वेगळं. जून-जुलैत बी कुजतं, शिवाय जाळीवरून पडलेली विष्ठा ओलसर उबेत राहिली की कॉक्सिडिया हा कोंबड्यांच्या आतड्यातला सूक्ष्म परजीवी फोफावतो. विष्ठेत रक्त दिसलं तर थांबू नका, पशुवैद्याला दाखवा. बी कुजू नये, रोग वाढू नये म्हणून त्या दोन महिन्यांत चौकटी बंद ठेवा आणि शेवग्याच्या डहाळ्यांची जुडी कोंबडीच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा. पावसात उगवणारा टाकळा आपण भाजीला खुडतो, पण त्याचं बी कोंबड्यांना विषारी, तेव्हा शेंगा धरण्याआधी उपटा. घाणेरी, कण्हेर, एरंडही आवारात नकोत.

हिरव्यात बहुतेक पाणीच असतं. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला 110-120 ग्रॅम खाद्य लागतंच. सकाळीच पाल्याने पोट भरलं तर अंडी घटतात, म्हणून चौकट दुपारनंतरच चरायला मोकळी करा (जाळी मात्र तशीच राहू द्या). आणि कापलेलं लांब गवत तसंच पुढ्यात टाकू नका. मुळाशी घट्ट असलेलं पान कोंबडी तोडून खाते, सुटी काडी मात्र अख्खी गिळते आणि गळ्याखालच्या पिशवीत गुंता होतो. इंचापेक्षा लहान तुकडे करा, शेजारी जाडसर वाळूचं भांडं ठेवा.