दूधभात

रविवार, रात्रीचे साडेअकरा

टाळ्या वाजवल्या म्हणून कुणी आईशी अबोला धरतं का? आमच्याकडे धरतात.

आज बेसबॉलच्या सामन्यात ओजसची टीम सतरा-एक अशी हरली. त्याचं काही नाही. पाच इनिंगनंतर पंधराचा फरक पडला की सामना तिथेच थांबवतात, पोट्टे त्याला मर्सी म्हणतात आणि निमूट हात मिळवून बॅगा भरायला लागतात. चौदाखालच्या मुलांना सतराखालच्यांशी खेळवायचं सरांनी ठरवलं, तेव्हाच मी मनातल्या मनात हार लिहून टाकली होती. मला फक्त दात शाबूत हवे होते.

खरं सांगायचं तर (आणि इथे नाही सांगणार तर कुठे) मी पायरीवर बसून सगळा वेळ एकच घोकत होते. हळू टाक रे बाबा. हळू टाक.

आणि त्यानं टाकला.

दोन स्ट्राइक झाले होते, म्हणजे आणखी एक चुकला की आउट. दोन्ही वेळा ओजसची बॅट फिरली तेव्हा बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसलाही होता. त्या ग्लोव्हचा आवाज अजून कानात आहे, ओलं धुणं दगडावर आपटावं तसा. मग त्यांच्या पिचरनं, म्हणजे बॉल टाकणाऱ्या त्या उंच पोट्ट्यानं, बॉल हातात फिरवला, आपल्या टीमच्या बाकाकडे पाहिलं, किंचित हसला. पुढचा बॉल असा आला की मीसुद्धा मारला असता. ओजसनं मारला. फर्स्ट बेसवर, म्हणजे पळत गाठायच्या पहिल्या थांब्यावर, उभ्या पोट्ट्यानंही थ्रो घ्यायची काही घाई केली नाही. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, ‘शाब्बास’ म्हणून ओरडले, शेजारच्या बाईंच्या मांडीवरची संत्र्याची सालं उडाली. बेसवर पोचलेला माझा मुलगा बुटांकडे बघत होता. मला वाटलं, लाजला.

शंकरनगरपर्यंत स्कूटरवर एक शब्द नाही. बजाजनगरच्या सिग्नलला मागून आवाज आला, ‘‘टाळ्या कशाला वाजवून राहिली होती तू?’’

‘‘अरे, हिट मारलीस ना!’’

‘‘त्यानं मुद्दाम हळू टाकला. सगळ्यांना दिसलं.’’

मलाही दिसलं होतं. हे मात्र मी बोलले नाही. सिग्नल सुटला.

आता मी यातच अडकून बसले आहे. चुकलं कुठे? पहाटे पाचला उठायचं, डबा करायचा, डिसेंबरच्या थंडीत त्या पायरीवर चार तास बसायचं आणि वर टाळ्यांचाही हिशेब द्यायचा. बाकीच्यांच्या आया येतही नाहीत. त्यांच्याशी मुलं नीट बोलत असतील.

दादाला फोन केला तर त्यानं सवयीनं सचिन काढला. सोळाव्या वर्षी, १९८९ला, पाकिस्तानात, वकारचा बॉल नाकावर बसला, रक्त आलं तरी हटला नाही वगैरे. मग आपल्या नागपूरची म्हणून दिव्या देशमुख. एकोणिसाव्या वर्षी वर्ल्ड कप जिंकली, ती काय आपल्या वयाच्यांशीच खेळली का? मी म्हटलं, दादा, बुद्धिबळाच्या पटावर ६४च घरं असतात. समोरचा मोठा आहे म्हणून ती लांब जात नाहीत.

इथे जातात. सकाळी सर फक्कीच्या नव्या रेषा मारत होते तेव्हाच पोटात गोळा आला. आमच्या पोरांच्या सरावात दोन बेसमध्ये ६० फूट असतात, आज ९० होते. पिचर ४६ फुटांवरून गेला साडेसाठावर. ओजस कॅचर, बॅटरच्या मागे होम प्लेटपाशी. तिथून सेकंड बेसला थ्रो करायचा तर लहान मैदानावर ८५ फूट, मोठ्यावर १२७. हात मात्र कालचाच, बारा वर्षांचा. त्याचा थ्रो दोन टप्पे खाऊन पोचायचा, तोवर समोरचा पोट्टा बेसवर उभा राहून पँटची धूळ झटकत असायचा. सहा वेळा तरी बेस चोरले त्यांनी, म्हणजे बॉलला बॅट न लागताच पुढच्या बेसवर पळाले. सहाही वेळा ओजसनं मास्क काढून तितक्याच जोरात फेकला. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेव्हा मी डोळे मिटले होते.

हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

आम्ही लहानपणी लपाछपी खेळायचो तेव्हा धाकटी मीच. दादा आधीच सांगून टाकायचा, ‘‘ही दूधभात हं.’’ म्हणजे माझ्यावर राज्य नाही, मी आउट नाही, सापडले तरी सापडले नाही. मला वाटायचं केवढा मान आहे. एकदा तर मी घरी येऊन आईला कौतुकानं सांगितलं होतं. आई काहीच बोलली नव्हती.

त्या पिचरचा तरी काय दोष? धाकटा भाऊ असेल घरी. चांगल्या वळणाचा मुलगा, मिशी फुटायला लागलेली. मी मनात त्याला आशीर्वादही देऊन मोकळी झाले होते.

आणि मागच्या श्रावणापासून ऑफिसात मार्चएंडची एकही फाइल माझ्या टेबलावर येत नाही. देशपांडे मॅडम परस्पर दुसरीकडे देतात. ‘‘तुम्ही निवांत करा.’’ मी निवांत करते. वर सगळे छान छान म्हणतात. जाऊ दे.

नऊ वाजता ओजस स्वतःच ओट्याशी आला. मोबाइलमध्ये बघून म्हणाला, जो नक्सहॉल नावाचा एक होता. १९४४. युद्धामुळे खेळाडू मिळत नव्हते, म्हणून अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या टीमनं पंधरा वर्षांच्या पोराला थेट मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉलमध्ये, पिचिंगला उतरवलं. दोन आउट घेतले, पाच रन दिले, मग काढलं.

‘‘मग?’’

‘‘मग १९५२ला परत आला. खूप वर्षं खेळला.’’

‘‘आणि त्या दिवशी त्याला कुणी...’’

‘‘नाही. पाच रन मारले ना त्याला.’’ एवढ्या समाधानानं म्हणाला की मला हसू आलं. आठ वर्षं. मी मनात वजाबाकी करून पाहिली, विशीचा होईल. मग पोळ्या लाटायला घेतल्या.

जेवण झाल्यावर माझी शिवणाची टेप मागून घेतली. ती पाच फुटांची. गल्लीत आमच्या फाटकापासून पंचवीस टेपा आणि वर सव्वादोन फूट. एक टोक मी धरायचं, दुसरं त्यानं, मग मी वाकून पुढे सरकायचं, कुत्री आमच्याकडे बघतायत. मोजणी काकूंच्या फाटकाच्याही पुढे, विजेच्या खांबाशी संपली.

‘‘तिथेच थांब,’’ म्हणाला. स्वतः आमच्या फाटकाशी गेला आणि फेकला.

दोन टप्पे. दुसरा टप्पा पडून बॉल काकूंच्या फाटकाखालून आत गेला. माझ्या दोन्ही हातांत टेप होती, बरंच झालं. दिवा मालवून झोपल्यात त्या. उद्या सकाळी मागायला मलाच जावं लागणार.