पट्टी भरेपर्यंत

आमच्या घरात एक नियम आहे: थ्रिलर मालिका चालू असताना बाबांनी बोलायचं नाही. ठराव मुलीने मांडला, बायकोने अनुमोदन दिलं आणि माझं मत कुणी विचारलंच नाही.

माझी नोकरी सर्व्हर सांभाळायची. म्हणजे दिवसभर काळ्या पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघायच्या आणि त्यातली कुठली ओळ कालच्यासारखी नाही ते हुडकायचं. रात्री सोफ्यावर बसावं तर समोर पुन्हा काळा पडदा आणि पुन्हा ओळी. फक्त या हिरव्या असतात, पावसासारख्या कोसळतात आणि प्रत्येक अक्षर उमटताना 'टिक्' वाजतं. असं टिकटिकणारं यंत्र कुणी माझ्या टेबलावर ठेवलं तर मी दुपारपर्यंत राजीनामा देईन. हे मी एकदा मोठ्याने म्हणालो. नियमाचा उगम तिथला.

आणि ही हॅकर मंडळी दिवा का लावत नाहीत? अंधारात डोक्यावर टोपी ओढून बसलेला मुलगा दहा सेकंद बोटं नाचवतो, माउसला हातही लावत नाही, आणि खुर्चीत मागे रेलून म्हणतो, 'मी आत आलोय.' कशाच्या आत, ते विचारायचं नाही.

'एनसीआयएस' या अमेरिकन गुन्हेशोध मालिकेतला २००४चा एक प्रसंग आमच्या धंद्यात दंतकथेसारखा सांगितला जातो. हल्ला चालू आहे, पडद्यावर खिडक्यांवर खिडक्या उघडतायत आणि एकाच कीबोर्डवर दोन माणसं, चार हातांनी, एकदम टाइप करतायत. पेटीवर दोघांनी मिळून एक चीज वाजवावी तसं. शेवटी त्यांचे साहेब येतात आणि प्लग उपटतात. सगळे या प्रसंगाला हसतात, मीही हसतो. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत धंद्याच्या सर्वांत जवळ पोचलेला माणूस तोच. घुसखोर आत असेल तर यंत्र जाळ्यापासून तोडायचं, हा आमच्याकडेही पहिल्या काही उपायांतला. फक्त वीज तोडायची नाही, नेटवर्कची तार काढायची. वीज गेली की मेमरीतले चोराचे ठसेही जातात. हे मी त्या वेळी बायकोला समजावून सांगत होतो. तेवढ्यात खुनी कोण ते कळून गेलं आणि आम्हा दोघांचंही ते हुकलं.

काही चुकांना मी सरसकट माफी दिली आहे. पडद्यावर आयपी पत्त्यात, म्हणजे काँप्युटरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यात, ३१२ किंवा ४५० असा आकडा दिसला की पूर्वी मी उसळायचो. त्या पत्त्यात चार आकडे असतात आणि एकही २५५च्या वर जाऊ शकत नाही. पण अशक्य पत्ता दाखवला की तो कुणाचाच असू शकत नाही, ही त्यातली सोय. अमेरिकन मालिकांतले फोन नंबर ५५५ने सुरू होतात तेही याच कारणाने. चूक मुद्दाम केलेली असेल तर ती चूक कशी म्हणायची?

धूसर फोटो मोठा करण्याला मात्र माफी नाही. दुकानाच्या कॅमेऱ्यातलं मळकट चित्र, कुणीतरी म्हणतं 'अजून जवळ घे', आणि ठिपक्या-ठिपक्यांतून गाडीचा नंबर, गाडीच्या काचेत चेहरा, चेहऱ्याच्या डोळ्यात आणखी एक चेहरा. जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते बाहेर येणार कुठून? आता कृत्रिम बुद्धिमत्ता ते करते, असं मुलगी म्हणते. करते, पण स्वतःच्या मनाने. २०२०मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या 'पल्स' नावाच्या साधनाला कुणीतरी बराक ओबामांचा ठिपकेदार फोटो दिला, आणि त्यातून स्पष्ट, सुबक असा एक गोरा माणूस बाहेर आला. मालिकेतला इन्स्पेक्टर एव्हाना त्या गोऱ्या माणसाच्या दारात पोचला असता.

पण माझं खरं भांडण आहे ते वेळेशी. मालिकेला चढत जाणारी काहीतरी मोजणी लागते आणि काँप्युटर बिचारा तसा काहीच करत नाही. तो नुसता बसून असतो. म्हणून त्याला पट्टी देतात. नायकाने पेनड्राइव्ह खोचलाय, बाहेर बुटांचा आवाज, पट्टी सत्त्याण्णव टक्के, अठ्ठ्याण्णव, दाराची कडी फिरते... आणि बरोबर त्याच क्षणी शंभर. खरी पट्टी म्हणजे यंत्राचा अंदाज असतो, आणि यंत्राला अंदाज बांधता येत नाही. ती क्षणात नव्वदवर उडी मारते आणि मग नव्व्याण्णववर मुक्काम ठोकते. तुम्ही अंघोळ करून येता तरी तिथेच. नायक माझ्या ऑफिसात असता तर पहिल्याच भागात पकडला गेला असता.

फोनचंही तेच. 'त्याला अजून तीस सेकंद बोलतं ठेव!' हे जुन्या एक्स्चेंजमध्ये खरं होतं. तिथे यांत्रिक स्विचांच्या रांगांतून माणूस फिरायचा आणि जोडणी मागे-मागे हुडकत जायचा. डिजिटल एक्स्चेंज आल्यावर फोन लागतो तेव्हाच तो कुठून आला ते नोंदलेलं असतं. यंत्रं बदलली, तीस सेकंद तेवढे राहिले.

खरी घुसखोरी किती संथ असते ते कुणी दाखवत नाही, कारण दाखवलं तर बघणार कोण? मँडियंट ही सुरक्षा कंपनी दरवर्षी याचा हिशेब मांडते. चोर आत शिरल्यापासून त्याचा पत्ता लागेपर्यंत किती दिवस जातात, त्याचा मध्यक २०११मध्ये होता ४१६ दिवस. वर्ष उलटून गेलं तरी चोर घरातच! कपाटं उघडतोय, कागद चाळतोय, कोण कधी झोपतं ते लिहून ठेवतोय, आणि घरच्यांना वाटतंय की पंखाच जरा आवाज करतो. २०२३मध्ये हा आकडा दहा दिवसांवर आला होता. दहा दिवस म्हणजे आमच्यासाठी वाऱ्याचा वेग, आणि मालिकेसाठी चार सीझन.

'मिस्टर रोबोट' मी कुरकुर न करता पाहिली. २०१५ ते २०१९ चाललेल्या या मालिकेत पडद्यावरच्या आज्ञा खऱ्या होत्या, साधनंही खरी. पण ती आवडली ते त्यामुळे नाही. तिच्यातल्या एका भागात एक मुलगी गाड्या लावायच्या जागेत पेनड्राइव्ह टाकत जाते. बस, एवढाच हल्ला. कुणीतरी उचलेल, कुणीतरी खोचेल. एक अधिकारी खोचतोही, पण अँटिव्हायरस वेळेवर ओरडतो आणि डाव फसतो. हॅकिंग फसलेलं दाखवायला हिंमत लागते. आमचा निम्मा दिवस काहीतरी न चालण्यातच जातो. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी खरोखरच असे २९७ पेनड्राइव्ह टाकून पाहिले. जवळपास निम्म्यांमधल्या फाइली लोकांनी उघडल्या, आणि पहिला पेनड्राइव्ह सहा मिनिटांच्या आत खोचला गेला होता.

हे मी घरी रंगवून सांगितलं, माणसांच्या भाबडेपणावर वर दोन वाक्यंही बोललो. त्याच महिन्यात ऑफिसात मला मेल आली: 'रजेच्या नियमांत बदल, आजच पाहा.' पाहिलं. पडदा लाल झाला आणि मजकूर उमटला की हा सराव होता, आपण फसलात, अर्ध्या तासाच्या प्रशिक्षणाला हजर राहावे. लागलेला वेळ, दोन सेकंद. ना हिरवी अक्षरं, ना संगीत. सर्व्हरवाला प्रशिक्षणाला आलेला पाहून हिशेब विभागातल्या बाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मात्र कुठल्याही मालिकेत शोभला असता.

पासवर्ड तोडतात कशाला, विचारतात की! आणि कधीकधी विचारावंही लागत नाही. एप्रिल २०१५मध्ये टीव्ही५ मोंद या फ्रेंच वाहिनीवर सायबर हल्ला झाला, प्रक्षेपण बंद पडलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका वाहिनीने तिथल्या एका पत्रकाराची मुलाखत दाखवली. विषय अर्थातच सुरक्षा. आणि त्याच्या मागे, सगळ्या देशाला दिसतील अशा, पासवर्डच्या चिठ्ठ्या डकवलेल्या. त्यातला यूट्यूबचा पासवर्ड फ्रेंचमध्ये होता, 'यूट्यूबचापासवर्ड'. कुठल्या लेखकाने हा प्रसंग लिहून दिला असता तर निर्मात्याने 'फारच बालिश' म्हणून परत पाठवला असता.

एका बाबतीत मात्र मला शब्द गिळावे लागले. 'होमलँड'मध्ये २०१२च्या एका भागात उपराष्ट्राध्यक्षांचा पेसमेकर दुरून हॅक करून त्यांना मारतात. मी खो-खो हसलो होतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी मुलाखतीत सांगितलं की २००७मध्ये त्यांच्या हृदयाचं यंत्र बदललं तेव्हा डॉक्टरांनी त्यातली वायरलेस सोय याच भीतीने बंद करून ठेवली होती. मग २०१७मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिथल्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांना सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घालून घ्यायला सांगितलं. हे घरबसल्या होणारं नव्हतं, दवाखान्यात जावं लागायचं. काम साधारण तीन मिनिटांचं, आणि तेवढा वेळ पेसमेकर राखीव गतीवर चालायचा, मिनिटाला ६७ ठोके.

हे मी परवा सांगितलं, मालिका चालू असताना, नियम मोडून. पडद्यावर कुणीतरी कुठल्याशा बँकेत शिरत होतं, पट्टी ब्याण्णववर आली होती. मुलीने आवाज बंद केला. मला वाटलं, आता दंड होणार.

"बाबा," ती म्हणाली, "आणि ते नव्व्याण्णववर अडकलं तर?"