मला डोहाळे भाताचे लागले होते

गरोदर बाईने काही मागितले तर तिला नाही म्हणू नये, अशी आपल्याकडची रीत आहे. तिचे मागणे म्हणजे पोटातल्या बाळाचे मागणे, आणि ते पुरवले नाही तर बाळाची लाळ गळते, असे सांगणाऱ्या आजी बहुतेक घरांत असतात. अशा घरात सहाव्या महिन्यात गर्भावस्थेतील मधुमेहाचे निदान झाले की पंचाईत होते ती केवळ खाण्याची नव्हे. कालपर्यंत जी इच्छा लाडाने पुरवली जात होती, तिच्याकडे आज सगळे संशयाने पाहू लागतात, आणि ज्यांनी आठवडाभरापूर्वी बशीत आग्रहाने दोन जास्तीच्या जिलब्या वाढल्या होत्या तेच विचारतात, ‘गोड फार होत होते का गं?’

या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो. हे प्रत्येक गरोदर स्त्रीच्या बाबतीत घडते. बहुतेकींचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ती तूट भरून काढते, काहींच्या स्वादुपिंडाला ते जमत नाही. वजन, वय आणि घराण्यातला मधुमेह यांचा त्यात वाटा असतो. माझ्या आईला मधुमेह आहे. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचे इन्सुलिन जास्त तयार करते, प्रमाणाबाहेर वाढते, आणि जन्मानंतर आईकडून येणारी साखर एकदम थांबली की त्याची साखर खाली घसरण्याचा धोका असतो. हे कारण एकदा नीट कळले की पथ्य ही शिक्षा वाटेनाशी होते, निदान दिवसातला बराच काळ तरी.

आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार ही तपासणी सोपी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचे, दोन तासांनी रक्त द्यायचे, आणि साखर दर डेसिलिटर रक्तात 140 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आली तर निदान पक्के; त्यासाठी उपाशी असण्याचीही अट नाही. मला पुढे घरी ग्लुकोमीटरवर गाठायची उद्दिष्टे मिळाली ती अशी: उपाशीपोटी 95 च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत. बोटाच्या टोकाला मधोमध टोचण्याऐवजी कडेला टोचले तर कमी दुखते, हे मला प्रयोगशाळेतल्या ताईंनी सांगितले. त्या सल्ल्याचे उपकार मी विसरणार नाही.

आता भाताविषयी. लोक गृहीत धरतात की अशा बाईला श्रीखंड आणि गुलाबजाम खुणावत असणार. मला गोडाची ओढ अगदीच नव्हती असे नाही, पण खरे डोहाळे होते आंबेमोहोराच्या मऊ भातावर पिवळे वरण, साजूक तूप आणि लिंबू यांचे. दुपारी शेजारच्या घरातून त्या भाताचा वास आला की हातातले काम सुचत नसे. आणि नेमका हाच पदार्थ, ज्याला आजारी माणसाचे हलके जेवण म्हणून आपण डोळे मिटून वाढतो, माझी साखर दीडशेच्या पुढे नेत होता. आहारतज्ज्ञ बाईंनी भात बंद केला नाही. त्यांनी आमच्या पानाची मांडणी तपासली. आधी वरणभात, मग पोळीभाजी, शेवटी ताकभात किंवा दहीभात, म्हणजे एका जेवणात पिष्टमय पदार्थांच्या तीन फेऱ्या. त्यांचे म्हणणे असे की पोळी आणि भात यांपैकी एकच काही घ्यावे, आधी कोशिंबीर आणि उसळ खावी, आणि मग लहान वाटीभर भातावर दोन वाट्या घट्ट वरण घ्यावे. वरणाला भाताचे तोंडीलावणे मानण्याऐवजी भातालाच वरणाचे तोंडीलावणे मानायचे. तूप तसेच ठेवले. त्या जेवणानंतर इमारतीच्या गच्चीवर पंधरा मिनिटे चालले की आकडा बहुधा 120 च्या आत राही, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात.

सकाळचा मामला याहून चिवट असतो. पहाटे वाढणाऱ्या कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनला विरोध सकाळी अधिक असतो, त्यामुळे जी भाकरी दुपारी मुकाट पचते तीच न्याहारीला खाल्ली तर आकडा चढतो. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी हे आपले न्याहारीचे राजमान्य पदार्थ या दृष्टीने सगळ्यांत अवघड आहेत. नाचणी पौष्टिक खरीच, पण तिचे पातळ गोड सत्त्व पिणे आणि तिची भाकरी उसळीबरोबर चावून खाणे यांत माझ्या यंत्राला मोठा फरक दिसत असे. मला सकाळी मानवले ते मुगाचे धिरडे, त्यात किसलेले पनीर, किंवा दोन अंडी. फळ आणि दूध मी न्याहारीपासून दूर, अकरानंतर घेत असे. गूळ, मध आणि खडीसाखर या साखरेच्याच बहिणी आहेत, हे घरी अनेकदा सांगावे लागले. ‘मधुमेहींसाठी’ असे लिहिलेल्या बिस्किटांच्या पुड्याची मागची बाजू वाचली तर त्यात मैदा आढळतो, हेही सांगावे लागले.

या सगळ्यात उपाशी राहण्याचा मोह होतो. न खाल्ले तर आकडा चांगला येईल, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. पण फार वेळ पोट रिकामे राहिले की शरीर चरबी जाळू लागते, त्यातून तयार होणारे किटोन नावाचे पदार्थ वाढतात, आणि ते गरोदरपणात चांगले नाही. शिवाय चार तास काही न खाल्लेल्या बाईसमोर फरसाणाचा डबा आला तर तिच्या निग्रहाविषयी कोणी बोलू नये. लालसा आवरण्याचा मला सापडलेला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे भूक लागण्याआधी खाणे: मूठभर भाजलेले शेंगदाणे, ताक, मोडाची मटकी, आणि झोपण्यापूर्वी कपभर बिनसाखरेचे दूध व चार बदाम.

चैत्र माझ्या बाजूने होता. हळदीकुंकवाला मिळणारी आंबेडाळ, म्हणजे भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ, कैरी आणि वर फोडणी, मी मनसोक्त खाल्ली. पन्हे मात्र मीठ-जिरे घालून, गुळाशिवाय. हापूस आल्यावर आमरस-पुरीला नकार दिला आणि दुपारी चार वाजता दोन फोडी, सोबत अक्रोड, असा तह केला.

डोहाळजेवण सातव्या महिन्यात ठरले तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरला. ‘अगं, एका दिवसाने काय होणार आहे?’ असे त्या म्हणाल्या. ‘आई, पाच पक्वान्ने करा, पण माझ्या पानात सगळ्यांचा एकेक घास वाढा, आणि त्या दिवशी मला पोळी नको,’ असे मी सांगितले. पेढा आणि बर्फी झाकून ठेवलेल्या वाट्यांपैकी मी उघडली ती पेढ्याची निघाली. अर्धा खाल्ला, उरलेला भाचीने पळवला. कोणी हिरमुसले नाही. खरी भांडणे पुढे, ‘एवढेसे’ या मापाचा सर्वांचा अर्थ वेगळा असल्यामुळे झाली.

पथ्य चोख पाळूनही माझी उपाशीपोटीची साखर शंभराच्या खाली येईना. तेव्हा डॉक्टरांनी रात्रीचे इन्सुलिन सुरू केले. ते घ्यावे लागणे हा आहारातल्या हलगर्जीचा पुरावा नव्हे. रात्री कोणी जेवत नाही, पण यकृत साखर सोडतच राहते, आणि त्यावर ताटातल्या फेरफारांचा जोर कमीच चालतो. नातेवाइकांपैकी ज्यांनी ‘शेवटी सुईवर आलीच’ असे म्हटले, त्यांना मी हेच वाक्य पाठ करून ऐकवत असे.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा 75 ग्रॅमची चाचणी, या वेळी उपाशीपोटी, केली आणि ती सामान्य आली. तरीही पुढे टाईप २ मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असल्याने दरवर्षी तपासणी करायची आहे. आईने बाळंतिणीचे डिंक-अळिवाचे लाडू करायला घेतले तेव्हा मी गूळ निम्मा करून खोबरे आणि बदाम वाढवायला सांगितले. असे लाडू वळले जाणार नाहीत, असे ती म्हणाली, आणि ते वळले गेले नाहीतच. आम्ही तो चुरा वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला.