कुजल्या गवताचे काजवे

२०२१च्या मे महिन्यात आई गेली. मला जपानमधल्या क्योटोहून निघता आलं नाही. कोल्हापुरातलं रक्षाविसर्जन मी फोनवर पाहिलं, मधेच रेंज जायची. त्यानंतर कॅमेरा कपाटात गेला तो दोन वर्षं तिथंच. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, दोनदा फुलून गेला, मी खिडकीही नीट उघडली नाही.

शेजारच्या आजींनीच मला हाताला धरून त्यांच्या हायकूच्या, म्हणजे छोट्या जपानी कवितेच्या, बैठकीला नेलं. तिथं प्रत्येकाने आपली कविता नाव न घालता द्यायची, सगळ्यांनी वाचून आवडलेली निवडायची आणि मग कवीने ‘माझी’ म्हणायचं. मी लिहिलं होतं, पाऊस पडतोय आणि आई नाही. माझी कविता कुणीच निवडली नाही. आजी हळूच म्हणाल्या, “पाऊस कुठला ते सांग.”

हायकूत ऋतूचा शब्द लागतो, ‘किगो’. अशा शब्दांचे जाडजूड कोश तिकडे मिळतात. जूनमधल्या पावसाला ‘त्सुयू’ म्हणतात. लिहिताना ते ‘उमेचा पाऊस’ असं लिहितात, तेव्हा ‘उमे’ नावाचं आंबट फळ पिकतं म्हणून, असं सांगतात. मी रात्रभर विचार करत बसले आणि मराठीत शब्द सुचत गेले. वळीव. झड. भुरभुर. उघडीप. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. जपानी कवी बाशोच्या हायकूतला १६८६ सालचा बेडूक जगभर पोहोचला, पण आपल्या पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना वाहनं असतात आणि त्यात बेडूकही असतो, हे मला इतकी वर्षं आठवलंच नव्हतं. कवयित्री शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी हायकू मराठीत रुजवला, तो रुजला यात नवल नाही. जमीन तयारच होती.

अशाच एका कोशात एक ओळ सापडली. चीनकडून आलेल्या जुन्या दिनदर्शिकेत वर्षाचे पाच-पाच दिवसांचे ७२ तुकडे आहेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातल्या तुकड्याचं नाव आहे, ‘कुजलेलं गवत काजवे होतं’. ती ओळ वाचून मी रडले आणि तिकीट काढलं.

मे संपता संपता आप्पांना घेऊन राधानगरीकडे निघाले, कोल्हापूरपासून ५०-५५ किलोमीटर. तिकडं आईचं माहेर. वाटेत वळीव झाला, काचेवर मातीचे थेंब. मामींनी चहा टाकला आणि परसदाराकडे बोट दाखवलं. “तुझ्या आईचा पाट हलवला न्हाई आम्ही. हितंच हाय.” माहेरी आली की आई त्याच पाटावर बसून भाजी निवडायची. पाटाची एक कड झिजून गुळगुळीत झाली आहे.

रात्री रानाच्या कडेला तिपाई लावली. काजव्यांसाठी अंधार पडण्याआधीच फोकस धरून ठेवावा लागतो, फ्लॅश चालतच नाही. टॉर्चला लाल कागद गुंडाळला होता. २० सेकंद शटर उघडं.

“अगं, काय करालीस? एवढ्या काळोखात फोटो यील व्हय?” आप्पा.

“आप्पा, थोडं थांबा.”

आधी एक ठिणगी, मग दहा. मग समोरचं जांभळीचं अख्खं झाड एकदम उजळलं, एकदम विझलं, पुन्हा उजळलं. नर मादीला साद घालत असतात. त्यांच्याकडे जेमतेम दोनेक आठवडे असतात. त्याआधी अळीच्या रूपात ते कितीतरी महिने ओल्या मातीत, कुजक्या पाल्यात गोगलगाई खात काढतात. म्हणजे ती जुनी ओळ अगदीच खोटी नाही. उजेड खरंच त्या कुजक्यातूनच वर येतो. हे मला कुणी सांत्वन म्हणून सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, पण ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुझी आई ल्हान असताना धोत्र्याच्या फुलात काजवा ठेवायची म्हणं. कंदील करायची.” हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

कार्डात सत्तर-ऐंशी फ्रेम भरल्या, पण मला हवा होता तो फोटो त्यात नव्हता. घरी परतल्यावर पाणी प्यायला मागं गेले तर पाटाच्या झिजल्या कडेवर एकच काजवा बसला होता. विझायचा, थांबायचा, पेटायचा. कॅमेरा बाहेर गाडीत होता. मी आणायला गेले नाही, उंबऱ्यावरच बसून राहिले. तिथंच माझा पहिला मराठी हायकू झाला:

परसदारी
आईचा पाट रिता
काजवा एक

क्योटोला परतल्यावर बैठकीत मी तो जपानीत करून दिला. आजींनी निवडला. ‘पाट’ला त्यांच्याकडे शब्द नव्हता, म्हणून मी हाताने त्याची उंची दाखवली.

परवा आप्पांचा फोन आला. “पुष्य लागला गं. म्हातारा पाऊस पडालाय.” मागून कौलांवरचा आवाज येत होता. मी म्हटलं, फोन जरा दाराबाहेर धरा.